बॅटरीच गेली असणार! जुन्या चारचाकीच्या नव्या मालकांसाठी मार्गदर्शिका

ज्यांनी नुकतीच जुनी चारचाकी घेतली आहे आणि ‘बाकी गाडी एकदम ओके, बॅटरीचं तेवढं बघा’ हे वाक्य ज्यांना चावीसोबत फुकट मिळाले आहे, अशा परतूर आणि पंचक्रोशीतल्या सद्गृहस्थांसाठी ही मार्गदर्शिका आहे. जुनी म्हणजे किती जुनी? मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आली आणि तिचे उत्पादन जानेवारी २०१४मध्ये थांबले. म्हणजे तिच्यातल्या धाकटीलाही आता तप होऊन गेले. टाटा सुमो १९९४पासूनची. काळी-पिवळीतून निवृत्त झालेली महिंद्रा कमांडर असेल, तर तिचे वय विचारू नये. गाडीला पंधरा वर्षे झाली की नोंदणी नव्याने करायला तिला जालन्याच्या आरटीओत न्यावे लागते, आणि नेमकी त्याच सकाळी ती सुरू होत नाही. आपला अभ्यासक्रम इथून सुरू होतो.

पायरी पहिली : माणसे जमवणे

चावी फिरवली आणि गाडीने ‘टक्’ एवढेच उत्तर दिले, तर घाबरू नये. खाली उतरावे, बोनेट उघडावे आणि कमरेवर हात ठेवून आत बघत राहावे. काय बघायचे ते माहीत असण्याची गरज नाही. परतुरात बसस्थानकासमोर, मोंढ्यात किंवा स्टेशनच्या रस्त्याला बोनेट उघडे दिसले की पाच मिनिटांत तज्ज्ञ समिती जमते. तीत एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका असतात. ट्रॅक्टरचे सगळे काम स्वतःच करणारे एक भाऊ असतात. तपोवन एक्स्प्रेस लेट आहे म्हणून वेळ काढायला आलेला एक जण असतो. आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून बोलणारा एक पुतण्या असतो. तो नक्की कोणाचा, हे शेवटपर्यंत कळत नाही. समितीचा निर्णय एकमताने होतो.

‘बॅटरी बसली, काका.’

‘बसली काय, गेलीच. दुसरी टाका आता.’

‘किती दिवसांची हाये पण?’

तिसरा प्रश्न खरे तर चांगला आहे, पण त्याचे उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही. निदान आधी आणि तपासणी नंतर, अशी ही पद्धत. तिचा फायदा असा की कोणाचे हात काळे होत नाहीत. तोटा एवढाच की काही हजारांची नवी बॅटरी बसते, आठवडाभर गाडी झकास चालते आणि मग पुन्हा ‘टक्’. समिती पुन्हा बसते आणि ‘कंपनीनंच डुप्लिकेट माल दिला’ असा सुधारित अहवाल देते.

समितीचा अपमान करू नये. चहा सांगावा, आणि मंडळी चहात गुंतली की पुढच्या पायरीकडे वळावे.

पायरी दुसरी : बघणे आणि ऐकणे

ही पायरी फुकट आहे, म्हणून कोणी करत नाही. हेडलाइट लावावा, एकाला गाडीसमोर उभे करावे आणि सेल्फ मारावा. दिवा मंद होत विझायला आला आणि आतून ‘टकटकटकटक’ असा सलग आवाज आला, तर सेल्फला पुरेसा करंट पोचत नाही. बॅटरी उतरली आहे किंवा वाटेत कुठेतरी जोड खराब आहे. दिवा होता तसाच लख्ख राहिला आणि एकच ‘टक्’ झाले, तर बॅटरी बिचारी निर्दोष आहे. सोलेनॉइड, सेल्फचे कार्बन आणि सेल्फकडे जाणारी जाड वायर यांची चौकशी लावावी. दिवा लागलाच नाही, तर टर्मिनल निसटले आहे किंवा बॅटरी पूर्ण उतरली आहे. सेल्फ गरगर फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर आपण चुकीची मार्गदर्शिका वाचत आहात. पेट्रोलचा काटा बघावा.

इथे समितीतला एक सदस्य हमखास म्हणतो, ‘हॉर्न वाजतो, आतला लाइट लागतो, मंग सेल्फ काऊन फिरना?’ प्रश्न बिनतोड वाटतो. उत्तर साध्या गुणाकारात आहे. आतल्या छोट्या दिव्याला अर्धा अँपिअरही पुष्कळ होतो. मारुतीचा सेल्फ इंजिन फिरवताना शंभर अँपिअरच्या घरात करंट मागतो, आणि डिझेलच्या जीप-सुमोचा त्याहून कितीतरी जास्त. आता टर्मिनलवरच्या घाणीने वाटेत एक विसांश ओहमचा अडथळा उभा केला आहे, असे धरा. दिव्याच्या करंटला तो कळतही नाही; व्होल्टचा चाळिसावा हिस्सा जातो, दिवा आपला लख्ख. शंभर अँपिअर न्यायचे म्हटले, की त्याच अडथळ्यात पाच व्होल्ट खर्ची पडतात. बाराचे उरले सात. सात व्होल्टवर सेल्फ नुसता कण्हतो. बॅटरी भरलेली, सेल्फ ठणठणीत, आणि गाडी मात्र बंद, असा हा मामला असतो. यात नवी बॅटरी घालून काय साधते? जुन्या बॅटरीचे घाण टर्मिनल काढताना-बसवताना थोडे खरवडले जाते, म्हणून गाडी आठवडाभर चालते. नव्या बॅटरीचे श्रेय त्या खरवडण्याचे असते.

पायरी तिसरी : टर्मिनल

जुन्या गाडीच्या डिकीत एक दगड असतो. उतारावर चाकाखाली लावायला, असे मालक सांगतो. पण त्याचे दुसरे काम टर्मिनल ठोकण्याचे आहे. ठोकले की गाडी सुरू होते, हे खरे आहे. दगडाच्या दणक्याने मधला गंजाचा थर फुटतो आणि शिशाला शिसे लागते. मालकाचा दगडावर विश्वास बसतो. असे वर्षभर चालते. मग एक दिवस बॅटरीच्या खांबाला मुळाशी चीर पडते, तिथून ॲसिड पाझरायला लागते आणि घाण दुप्पट वेगाने साठते. दगडवाल्यांपेक्षा थोडे सुधारलेले लोक ढिल्या टर्मिनलमध्ये सिगारेटच्या पाकिटातली चांदी कोंबतात. जास्तच सुधारलेले खिळा ठोकतात.

हे काम नीट करायचे तर अर्धा तास लागतो, आणि ते कोणालाही जमते. आधी हातातली अंगठी आणि घड्याळ काढून खिशात ठेवावे. सोन्याची अंगठी पाना आणि बॉडी यांच्यामध्ये सापडली, तर ती क्षणात तापून बोट भाजते. बॅटरीला सोन्याचा भाव माहीत नसतो. चावी काढावी. मग आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी वायर सोडवावी आणि नंतर लाल. बसवताना उलट : आधी लाल, शेवटी काळी. कारण साधे आहे. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. काळी वायर जागेवर असताना लाल नटावरचा पाना बॉडीला टेकला, की पाना जागीच चिकटतो आणि ठिणग्यांचा पाऊस पडतो. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून विडी ओढत वाकून बघणाऱ्या ड्रायव्हरकाकांना चहाकडेच ठेवावे. ही गोष्ट गमतीची नाही. बॅटरी फुटते, आणि ॲसिड तोंडावर येते.

आता टर्मिनलवरची ती पिठूळ बुरशी बघावी. पांढरी असते ती शिशाची, निळसर-हिरवट असते ती तांब्याची. ॲसिडच्या वाफेने दोन्ही धातू खाल्लेले असतात. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून वर सोडावा. फसफसून फेस येतो. फेस यायचा थांबेपर्यंत थोडे थोडे ओतत राहावे, मात्र सेलची झाकणे घट्ट बसलेली असावीत. सोडा आत गेला तर ॲसिड मरते. मग साध्या पाण्याने धुऊन, पुसून कोरडे करावे. बहुतेक लोक इथे थांबतात आणि इथेच फसतात. बुरशी गेली तरी खांबावर आणि क्लँपच्या आतल्या बाजूला एक करडा, काळपट, गुळगुळीत थर राहतो. तो स्वच्छ दिसतो, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. खरा चोर तोच. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून क्लँप आतून घासावा, खांब बाहेरून घासावा, आणि नव्या सळईसारखी चमक दिसेपर्यंत थांबू नये. मग क्लँप पूर्ण खाली दाबून आवळावा. हाताने पिळून तो तसूभरही फिरता कामा नये. शेवटी वरून व्हॅसलीनचा हात. आतून नाही, वरून.

या टप्प्यावर अर्ध्याहून अधिक वाचकांची गाडी सुरू होईल. त्यांनी पुढचे वाचू नये, म्हणजे समितीत त्यांचे वजन राहील.

पायरी साडेतीन : अर्थची पट्टी

हिला पूर्ण पायरी कोणी देत नाही, कारण ती दिसत नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असते. म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेले असते. सेल्फ इंजिनवर बसतो आणि त्याचा परतीचा करंट बॅटरीच्या निगेटिव्हला जायचा असतो. तो जातो एका जाड वायरीने किंवा विणलेल्या तांब्याच्या पट्टीने, जी इंजिनच्या किंवा गिअरबॉक्सच्या खालच्या अंगाला एका बोल्टने आवळलेली असते. पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी काढली की चिकट माती नेमकी तिथे जाऊन बसते आणि दिवाळीपर्यंत ओल धरून ठेवते. पट्टीच्या तारा एकेक करून गळतात. शिवाय विकण्याआधी गाडीला रंग मारणाऱ्याने बोल्ट काढून, त्या जागेवरही प्रेमाने एक हात फिरवलेला असतो. रंगातून करंट जात नाही.

मग करंट दुसरी वाट शोधतो. त्याला एक्सिलरेटरची केबल सापडते, चोकची सापडते, क्लचची सापडते. सेल्फ मारला की त्या बारीक केबलीतून मोठा करंट धावतो, केबल तापते, तिचे प्लॅस्टिकचे अस्तर वितळते आणि एक्सिलरेटर अडकायला लागतो. मालक केबल बदलतो. दोन महिन्यांनी पुन्हा केबल बदलतो. केबल विकणारा त्याला नावानिशी ओळखायला लागतो. गाडी सुरू करताना चोकच्या केबलला हात लावून बघावा. ती गरम लागत असेल, तर बॅटरीच्या दुकानाचा रस्ता सोडून गाडीखाली वाकावे.

तपासायला शे-दोनशे रुपयांपासून मिळणारा मल्टिमीटर पुरतो. वीस व्होल्ट डीसीवर ठेवून त्याचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावावे, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. आकडा पाव व्होल्टच्या आसपास राहिला तर अर्थ उत्तम, अर्ध्याच्या वर गेला तर पट्टी बदला. मीटरही नसेल तर जंपर केबलचे एक टोक निगेटिव्हला, दुसरे इंजिनला चिमटवून सेल्फ मारावा. गाडी चटकन सुरू झाली, तर रोग सापडला, आणि औषध म्हणजे एक पट्टी, दोन बोल्ट आणि थोडा पॉलिश पेपर.

पायरी चौथी : पाणी

बॅटरीत पाणी घालायचे असते, एवढे सर्वांना ठाऊक असते. कुठले, यावर मतभेद आहेत. कोणी बोअरचे घालतो, कोणी जारचे, आणि ‘आरओचं आहे, एकदम प्युअर’ म्हणून कोणी घरच्या फिल्टरचे. ज्या पाण्याने हंड्याला आतून पांढरा थर धरतो, ते पाणी बॅटरीच्या प्लेटांवर काय करत असेल याचा विचार करावा. पाणी उडून जाते, क्षार आतच राहतात. आरओच्या पाण्यातही थोडे उरतातच. दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचीच बाटली आणावी. प्लेटांच्या वर एक-दीड सेंटीमीटर एवढीच पातळी ठेवावी. गळ्यापर्यंत भरले, तर चार्ज होताना ॲसिड वर येऊन सांडते, आणि आपण पायरी तिसरीला परत जातो. ‘पावर वाढंल’ म्हणून वरून ॲसिड तर कधीच घालू नये. आटते ते पाणी, ॲसिड जागेवरच असते.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी-बेचाळिशी ओलांडतो आणि बोनेटखाली त्याहून वर जातो. दहा अंश वाढले की बॅटरीतली झीज साधारण दुपटीने होते, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. प्लेटा गळतात, पाणी आटते. पण गरम इंजिन हलके फिरते, म्हणून उन्हाळाभर काही कळत नाही. डिसेंबरात पहाटे ऑइल घट्ट झाले, की मेलेली बॅटरी उघडी पडते. मृत्यू मे महिन्यातला, सुतक डिसेंबरात. म्हणून पाणी बघायचे ते उन्हाळ्यात, दर पंधरवड्याला. एकच सेल सारखा कोरडा पडत असेल, तर तो गेला. सहा सेलांची बॅटरी चार्ज करूनही साडेदहा व्होल्टवर अडून बसली, तर समिती पहिल्यांदाच बरोबर आहे.

जाता जाता लिंबू-मिरचीविषयी. बोनेटला बांधलेल्या लिंबात तांबे आणि जस्त खुपसले, तर साधारण एक व्होल्ट खरोखर मिळतो. डझन-दीड डझन लिंबे ओळीने जोडली, तर मीटरवर बारा व्होल्टही दिसतील. करंट मात्र मिलीअँपिअरमध्ये. तेव्हा लिंबू दृष्टीसाठीच राखून ठेवावे.

पायरी पाचवी : धक्का

काही मालक बॅटरी दुरुस्त करण्याऐवजी उतार शोधतात. परतूरच्या सपाट मुलखात हे अवघड काम आहे. नाल्यावरच्या पुलाची चढण दिसली, की तिच्यासाठी नातेवाइकांशी संबंध वाढवले जातात. धक्का मारून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सोडावी, पहिल्यात नाही. पहिल्यात चाके अडकतात आणि ढकलणारे तोंडावर पडतात. जुन्या कार्बोरेटरच्या मारुतीत पेट्रोलचा पंप इंजिनवरच चालतो, त्यामुळे थोडीशी वीज असली तरी धक्क्याने ती जागी होते. एमपीएफआय गाडीत पंप विजेवर चालतो. बॅटरी पूर्ण मेली असेल, तर अख्खे गाव ढकलत वाटूर फाट्यापर्यंत आले तरी ती सुरू होणार नाही.

दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायचा तर ट्रॅक्टर चालतो. तो बारा व्होल्टचा. उसाच्या ट्रककडे जाऊ नये. तिथे दोन बॅटऱ्या ओळीने जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात, आणि ते आपल्या गाडीत सोडले तर पुढच्या पायऱ्या वाचायला काही उरत नाही. जोडणीचा क्रम असा : लाल केबल आधी आपल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग ट्रॅक्टरच्या पॉझिटिव्हला; काळी आधी ट्रॅक्टरच्या निगेटिव्हला, आणि तिचे शेवटचे टोक आपल्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या टोकाशी ठिणगी पडते, आणि ती बॅटरीच्या तोंडावर पडू नये एवढ्यासाठी ही कसरत.

सेल्फ नव्हता तेव्हा लोक हँडल मारत. विजेवर चालणारा सेल्फ अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने तयार केला आणि १९१२च्या कॅडिलॅकमध्ये तो आला. जुन्या जीपवाल्यांना त्यानंतरही कित्येक वर्षे हँडल बाळगावे लागले, आणि ते उलटे फिरून मनगट मोडलेली माणसे जुन्या पिढीत भेटतात.

चार्जिंग : न दिसणारी पायरी

बॅटरी रोज उतरते, पण चार्जिंगला टाकली की दोन दिवस चालते. असे असेल तर बॅटरीवर आळ घेण्याआधी तिला कोणी जेवायला घालते की नाही ते बघावे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, अर्धी भरलेली १२.२. गाडी सुरू करून थोडी रेस दिल्यावर हाच आकडा १३.८ ते १४.५ व्हायला हवा. बारा-सव्वाबारावरच रेंगाळत असेल, तर डायनामो चार्ज करत नाही. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर गेला. अशा गाडीत बल्ब सारखे उडतात, बॅटरीचे पाणी आठवड्यात आटते आणि सडक्या अंड्याचा वास येतो.

डायनामो उघडण्याआधी बेल्ट बघावा. सकाळी गाडी सुरू केल्यावर ‘चीऽऽऽ’ असा आवाज येऊन गल्ली जागी होत असेल, तर बेल्ट घसरतो आहे. त्याला साबण लावला की आवाज थांबतो. घसरणे थांबत नाही. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबून बघावे; सेंटीमीटरभर लवला तर ठीक, हातभर लवला तर आवळावा, आतून चिरा असतील तर बदलावा. मग डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा. चावी अर्धी फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर पुष्कळ मालक ‘बघा, काही फॉल्ट नाही’ म्हणून समाधानाने गाडी हाकतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत डायनामोला पहिला करंट याच बल्बातून मिळतो. बल्ब उडाला की चार्जिंग बंद. सबंध दुरुस्ती म्हणजे एक बल्ब.

आता या क्षेत्रातली सर्वांत लोकप्रिय चाचणी. मिस्त्री इंजिन चालू ठेवतो, बॅटरीचे टर्मिनल सरळ काढून टाकतो आणि विजयी मुद्रेने म्हणतो, ‘बघा, गाडी चालू राह्यली, म्हंजे डायनामो चांगला.’ कटआऊटच्या जमान्यातल्या डायनामोला हे चालून जात होते. आता आपण ज्याला डायनामो म्हणतो तो असतो अल्टरनेटर. त्यात डायोड असतात, आणि उसळणारे व्होल्टेज पोटात घेण्याचे काम बॅटरी करते. तीच काढली तर व्होल्टेज क्षणभर भलतेच चढते आणि डायोड जळतात; एमपीएफआय गाडीत ईसीएमही जाऊ शकतो. तपासणीआधी चांगला असलेला डायनामो तपासणीनंतर खराब निघतो, त्यामुळे या मिस्त्रीचे निदान कधीच चुकत नाही. त्याच्या हाती पाना देण्याआधी मीटर द्यावा.

रात्री उभी, सकाळी आडवी

चार्जिंग ठीक, टर्मिनल चमकते, आणि तरी दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, म्हणजे कोणीतरी आतून चोरून खाते आहे. सगळी दारे लावून, चावी काढून, निगेटिव्ह वायर सोडवावी आणि मीटर अँपिअरवर ठेवून तो वायर व खांब यांच्यामध्ये लावावा. साध्या जुन्या गाडीत इथे जवळजवळ काही दिसू नये. स्टिरिओ-घड्याळासाठी पन्नास मिलीअँपिअरपर्यंत चालते. अर्धा अँपिअर दिसला, तर मारुतीची पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत रिकामी, आणि सेल्फ फिरेनासा होतो तो त्याच्याही कितीतरी आधी. मग एकेक फ्यूज उपसत जावे. ज्या फ्यूजला आकडा पडेल, चोर त्या घरात. बहुधा तो डिकीतला न विझणारा दिवा असतो, किंवा मागच्या मालकाने बसवलेला गाणारा रिव्हर्स हॉर्न. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातलेली आढळली, तर चोर नंतर शोधावा. आधी फ्यूज आणावा, नाहीतर गाडी पेटते.

लग्नसराईत याच्याच मोठ्या आवृत्त्या दिसतात. वरातीची गाडी गोगलगाईच्या गतीने चालते, वर माळा लुकलुकतात, आत अँप्लिफायर दणाणतो, समोर शंभर-शंभर वॅटचे हॅलोजन. आयडलिंगला डायनामोचे उत्पन्न कमी आणि खर्च भरपूर. नवरदेव मांडवात शिरतो आणि गाडी दारात बसते. वरबाप म्हणतात, नवी बॅटरी टाकली होती की!

गाडीच्या बॅटरीला जोडधंदे लावण्याची आपली परंपरा जुनी आहे. १९८८ ते १९९०च्या रविवारी सकाळी लाइट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी ओसरीवर यायची आणि ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्हीवर महाभारत चालू व्हायचे. आता तीच बॅटरी रात्री शेतावर झटका मशीनला जोडतात, रानडुकरे आणि रोही अडवायला. सकाळी ती पुन्हा गाडीत. गाडीच्या बॅटरीत प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात, क्षणभरात मोठा करंट देण्यासाठी. रात्रभर हळूहळू रिकामी करणे त्यांना सोसत नाही. पूर्ण उतरवून तशीच ठेवली की प्लेटांवर सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि मग चार्जिंगला टाकूनही ती भरत नाही. शेताला जाड प्लेटांची वेगळी बॅटरी घ्यावी. गाडीला गाडीचीच राहू द्यावी.

चार्जिंगला टाकलेली बॅटरी दुकानातून संध्याकाळी ‘फुल झाली’ म्हणून परत येते. पस्तीसची बॅटरी साडेतीन अँपिअरवर दहा-बारा तास लागली पाहिजे. दिवसात लाइट किती तास होती, हे आपल्याला माहीत असतेच.

खरेदी

एवढे सगळे करूनही बॅटरीच गेलेली निघू शकते. तीही मर्त्य आहे. चार-पाच वर्षे टिकली तर तिने नाव काढले. घेताना तिच्यावरचा बनवल्याचा महिना बघावा. वर्षभर दुकानात बसलेली ‘नवी’ बॅटरी अर्धी म्हातारी असते. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का मारून घ्यावा. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता दुकानदारालाच द्यावी. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार शिसे अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे जायला हवे, आणि जुन्या बॅटरीचे पैसे बिलातून वजाही होतात. ती फोडून ॲसिड गटारात ओतणाऱ्याच्या हाती देऊ नये, मग तो पन्नास रुपये जास्त का देईना.

पैसे देण्याआधी एकच करावे. जुनी बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवावी आणि सकाळी मीटर लावून सेल्फ मारावा. सुरुवातीला १२.६च्या आसपास आणि सेल्फ फिरताना साडेनऊच्या वर आकडा राहिला, तर बॅटरी चांगली आहे. पाकीट खिशात ठेवा, गाडी घरी न्या आणि अर्थची पट्टी बघा.